नातीची रातपाळी

मावशी, स.न.वि.वि.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. एक खोली आणि स्वयंपाकघर. मी शाळेत लेखनिक आहे, हे पतपेढीत आहेत, सासूबाई शहात्तरच्या. सासरे गिरणीत होते, आता नाहीत. मुलगी चोवीस वर्षांची. इंजिनिअर झाली, दोन वर्षं नोकरी केली आणि तिला कॅनडात व्हँकुव्हरला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला. बँकेचं कर्ज काढलं, थोडे यांच्या पीएफमधून उचलले. सप्टेंबर २०२०ला जायचं होतं. पण लॉकडाऊनमध्ये बोटांचे ठसे घेणारं केंद्रच बंद, व्हिसा अडकला, आणि कॉलेज घरूनच सुरू झालं.

तिचे तास रात्री अकराला सुरू होतात ते पहाटे साडेपाचला संपतात. आधी साडेचारला संपायचे, १ नोव्हेंबरपासून तिकडचं घड्याळ बदललं म्हणे. ओट्यावर लॅपटॉप ठेवून बसते. सकाळी झोपते ती बाराला उठते. सासूबाई म्हणतात, एवढी शिकलेली पोर, उन्हं वर आली तरी लोळते. हे म्हणतात, इतकी फी काय झोपा काढायला भरली? चाळीत जो तो विचारतो, गेली नाही का अजून? परवा पहाटे मी म्हटलं, जागीच आहेस तर पाणी भरून घे, तर रडायलाच लागली. १२ ऑक्टोबरला वीज गेली तेव्हा तिची असाइनमेंट राहिली, गुण कापले, तेव्हापासून धड बोलत नाही. वर्गातही गप्प असते. मी चहा द्यायला जागते तेव्हा बघते ना. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं आणणारी मुलगी, घाबरली असेल का? म्हणते, "आई, मी ना इथे आहे ना तिथे."

आता परवानगीचं पत्र आलंय. जानेवारीत पाठवावं, वर्षभर पुढे ढकलावं, की सोडून द्यावं? आणि आम्हाला त्या अभ्यासातलं काही कळत नाही, आम्ही मदत करायची म्हणजे काय करायची?

— एक आई, लालबाग, नोव्हेंबर २०२०


ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याला अडखळले. व्हिसा, फी, जानेवारी याबद्दल बोलूच. पण आधी ते "जागीच आहेस तर पाणी भरून घे".

पहाटे साडेपाच म्हणजे तिच्या कॉलेजात दुपारचे चार. साडेसहा तास वर्ग करून ती नुकती सुटलेली असते. तुम्ही शाळेतून येऊन चपला काढताय आणि कोणी हातात हंडा दिला, तर कसं वाटेल? (दिला जातोच म्हणा, आणि आपण बायका तो घेतोही. पण ते काही लेकीला वारशात द्यायलाच हवं असं नाही.) तुमच्या मनात वाईट काही नव्हतं. तुम्हाला दिसली ती घरात जागी असलेली मुलगी. ती मात्र त्या क्षणी घरात नव्हतीच. तुमच्या लेकीची रडण्याची जागा तिथे आहे, पाण्याच्या हंड्यात नाही.

माझे वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला होते. रात्री बाराला आत, सकाळी सातला बाहेर. घरी आले की आंघोळ, भाकरी आणि झोप. आम्ही चार भावंडं आणि खोली दहा बाय बाराची. आई खिडकीवर गोधडी टांगायची. वाटण वडील यायच्या आत उरकलेलं असायचं, पाटा मग दुपारी तीन-चारपर्यंत हलायचा नाही. आम्ही खाली अंगणात, पावसाळ्यात जिन्यावर. बोहारीण आमच्या दारावरून जाताना आवाज खाली घ्यायची, तिला कोणी सांगितलंही नसेल. उन्हं वर आली तरी लोळतो, असं वडिलांना कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यानंतर दुपारी आवाज करू नका म्हणून आम्हाला कोणी दटावलं नाही. ती मोकळीक आम्हाला नको होती.

म्हणून म्हणते, तुम्ही मला विचारलंत त्याचं अर्धं उत्तर तुमच्या घरात चटईवर बसलेलं आहे. सासरे गिरणीत होते असं तुम्ही लिहिलंय. मग सासूबाईंनी रातपाळीचं घर चालवलेलंच असणार. त्यांना कॅनडा, ऑनलाइन, झूम यातलं काही समजावत बसू नका. एवढंच सांगा की नातीची रातपाळी आहे, अकरा ते साडेपाच. आणि विचारा, मामंजी रातपाळीहून यायचे तेव्हा तुम्ही काय काय करायचात? मला वाटतं त्या बोलायला लागतील. खिडकीला काय लावायचं, कुकर किती वाजता लावायचा, दाराशी आलेल्या माणसाला कसं परतवायचं, हे त्यांच्याइतकं तुम्हा-आम्हाला येत नाही. कुरकुर करणाऱ्या माणसाला काम दिलं की निम्मी कुरकुर जाते, हा माझा अनुभव. शिवाय हे काम खरोखरच त्यांचं आहे.

आता वर्गातल्या गप्प बसण्याविषयी. ती घाबरलेली नाही, निदान मला तसं वाटत नाही. रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात बसलेल्या मुलीच्या पाठीमागे चार हातांवर आजी झोपलेली आहे, दाराशी बाबा झोपलेत, भिंतीपलीकडे शेजारी. ती तोंड उघडणार कशी? इंग्रजीत वाद घालायचा म्हणजे आवाज चढतोच. तिकडच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत वर्गात बोलण्याला, चर्चेत भाग घेण्याला वेगळे गुण असतात. म्हणजे तुमच्या झोपेची काळजी घेण्यात तिचे गुण जाताहेत आणि ती ते तुम्हाला सांगत नाहीये.

तुमच्या मजल्यावर एखादी खोली मार्चपासून कुलूपबंद असेल, बघा. लॉकडाऊनमध्ये गावी गेलेली कितीतरी कुटुंबं अजून कोकणातच आहेत, आणि चाळीत किल्ली कोणाकडे तरी असतेच. गावी फोन लावा. वीजबिल आम्ही भरू, रोज झाडू, आठवड्यातून तीन रात्री खोली द्या म्हणावं. पण मुलीला तिकडे पाठवू नका, तुम्ही तिघं तिकडे झोपायला जा. वायफाय तुमच्या घरात, तिची वह्या-पुस्तकं तुमच्या घरात, आणि रात्री एकट्या मुलीला दुसऱ्याच्या खोलीत बसवण्यापेक्षा तिला स्वतःच्या घराची आतून कडी लावू देणं बरं. ज्या रात्री नुसतं ऐकायचं असतं त्या रात्री घरीच झोपा. बोलायचं असतं त्या रात्री अंथरुणं उचला. आमच्या वेळी लग्नाचे पाहुणे आले की आख्खी चाळ अशी अंथरुणं घेऊन फिरायची. यात लाजण्यासारखं काही नाही.

खोली नाहीच मिळाली तर तिने शिक्षकांना कळवायला हवं की माझ्याकडे मध्यरात्र असते, घरात तीन माणसं झोपलेली असतात, मी चॅटमध्ये लिहून किंवा चर्चेच्या पानावर सविस्तर लिहून सहभाग दिला तर चालेल का. डिसेंबरच्या परीक्षेबद्दलही आत्ताच विचारावं. काही ठिकाणी कॅमेऱ्याने नजर ठेवणारं सॉफ्टवेअर असतं. पाठीमागून कोणी पाणी प्यायला उठलं तरी ते नोंद करतं. एका खोलीच्या घरात हे होणारच. आधी कळवलेलं असलं की ती घराची अडचण ठरते, नंतर सांगितलं की सबब वाटते.

तेच १२ ऑक्टोबरचं. तिच्या असाइनमेंटची मुदत बहुतेक रविवारी रात्री ११:५९ अशी असणार, तिकडे तशीच पद्धत आहे. तेव्हा अंतर साडेबारा तासांचं होतं, म्हणजे आपल्याकडे सोमवारी दुपारी १२:२९. आणि सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास आख्ख्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, मोबाइलची रेंज गेली. मुंबई विद्यापीठाने त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलल्या, हे तिला सांगा. आपलं विद्यापीठ जे समजून घेतं ते तिकडच्या प्राध्यापकाला समजणार नाही असं नाही, फक्त त्याला कळायला हवं. व्हँकुव्हरमध्ये बसलेल्या माणसाला मुंबईत त्या दिवशी काय झालं हे कसं ठाऊक असेल?

तिने मेल केला नसणार. आपल्याकडे सरांना असं काही विचारणं आगाऊपणाचं वाटतं, आपण गुण गेले म्हणून गप्प बसतो. तिकडे गप्प बसलं की अडचण नव्हतीच असं धरतात. महिना होत आला, तरी लिहावं. मी मुंबईत आहे, १२ तारखेला शहराची वीज गेली, ही त्याची बातमी, काम तयार होतं, वीज आल्यावर अमुक वाजता पाठवलं, कापलेले गुण पुन्हा बघाल का? चार-पाच ओळी पुरेत. माफी मागायची नाही. गुण परत मिळतील की नाही हे मी सांगू शकत नाही. पण डिसेंबरात पुन्हा काही झालं तर त्या माणसाला ही मुलगी कुठे बसून शिकते हे माहीत असेल. आणि वीज काय, उद्या परत जाऊ शकते. लॅपटॉप कायम भरलेला, एक पॉवर बँक, आणि घरातल्या एका फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम, इतकं तर जमेल.

तुम्ही म्हणता, अभ्यासातलं काही कळत नाही. कळायची गरजही नाही. भिंतीवर कालनिर्णय आहे ना? दुधाचे खाडे मांडता त्याच चौकटीत तिच्या तारखा लिहा, आपल्या वेळेने. तिच्याकडून एकदाच सगळं वेळापत्रक भारतीय वेळेत उतरवून घ्या. तिकडचा मंगळवार दुपारचा एक म्हणजे आपला बुधवार पहाटेचा अडीच, ही वजाबाकी-बेरीज ती रोज डोक्यात करते आणि थकल्यावर एखाद दिवशी चुकेल. भिंतीवर लिहिलेलं असलं की यांनाही दिसेल, सासूबाईंनाही दिसेल, आणि "आज काय आहे का ग?" हे विचारावं लागणार नाही. मार्चच्या मध्यावर तिकडचं घड्याळ पुन्हा तासभर सरकतं, तेही आत्ताच मांडून ठेवा.

गटाने करायच्या कामांचं एक वेगळंच असतं. व्हँकुव्हरमधली मुलं संध्याकाळी सहाला भेटू म्हणतात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात. चाळीत साडेसात म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. त्या वेळी ती मीटिंगमध्ये असेल तर मिक्सर अर्धा तास थांबू शकतो.

झोपेचं. एका दमात आठ तास तिला मिळणार नाहीत, चाळीत दुपारी बारानंतर कोणालाच मिळत नाहीत. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी सात ते नऊ असे दोन तुकडे ठरवून टाका. संध्याकाळचा तुकडा घरात सगळ्यात अवघड, मालिकांची वेळ. टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघता येते, कथानक कळतं, मी करून पाहिलंय. दुपारी उठल्यावर तिने गच्चीवर जाऊन अर्धा तास ऊन खावं. रात्री जेवून बसली की दोन वाजता पुन्हा भूक लागते. तेव्हा वेफर्स खाण्यापेक्षा डबा भरून ठेवा. भाकरी, भाजी, काकडी, जे असेल ते. गिरणीतली माणसंही डबा घेऊन जायचीच की.

आणि तुम्ही जागू नका. चहा द्यायला रोज अडीचला उठणारी आई सकाळी शाळेत पेंगते, मग चिडते, मग पहाटे पाणी भर म्हणते. थर्मास आणा.

यजमानांच्या रागाला मी सरसकट चूक म्हणणार नाही. पीएफ मोडून पैसे दिले आणि मुलगी ओट्याशी बसलीय, हे कोणत्याही बापाला खुपेल. फीत सूट द्या असं जगभरातले विद्यार्थी यंदा म्हणताहेत, शिकवणीची फी फारशी कुठे कमी झालेली नाही. पण तो राग झोपलेल्या मुलीवर काढण्यापेक्षा फीच्या कागदावर काढावा. पावती घेऊन बसा. बसपास, व्यायामशाळा, आरोग्य विमा असे किरकोळ आकार त्यात असतील. कॅनडाबाहेर राहणाऱ्याला यातलं काय माफ होतं हे तिने विद्यापीठाला लेखी विचारावं. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, पण विचारल्याशिवाय कोणी आपणहून पैसे परत करत नाही.

पैशाचीच आणखी एक गोष्ट, पतपेढीतल्या माणसाला ती लगेच समजेल. १ ऑक्टोबर २०२०पासून परदेशात शिक्षणासाठी पाठवलेल्या पैशांवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कर, कापते. यंदाच्या, २०२०च्या, नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात ७ लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर ५ टक्के. पण तीच रक्कम बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेली तर फक्त अर्धा टक्का. समजा यंदा एकूण ९ लाख जायचे आहेत. वरचे २ लाख बचतीतून पाठवले तर १०,००० रुपये कापले जातील, कर्जातून पाठवले तर १,०००. म्हणजे जानेवारीचा हप्ता कर्जातून जाऊ द्या, आणि पीएफचे पैसे राहण्या-खाण्यासाठी मागे ठेवा. कापलेले पैसे बुडत नाहीत, ज्याच्या पॅनवर कापले त्याच्या २६एएसमध्ये, म्हणजे भरलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतात आणि रिटर्न भरताना वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर ते अडकून पडतात, आणि तुमच्यासारख्या घरात जानेवारीत दहा हजार म्हणजे दहा हजार.

आता जानेवारी. माझं मत विचाराल तर सोडू नका, आणि वर्षभर पुढेही ढकलू नका. एक सत्र ती जवळजवळ पार करून बसली आहे, तेही रात्रीचं. जायचं जानेवारीत की एप्रिलनंतर, एवढाच खरा प्रश्न आहे.

२० ऑक्टोबर २०२०पासून कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांना पुन्हा आत घ्यायला सुरुवात केली आहे. मात्र सगळ्या कॉलेजांच्या नाही. ज्यांची कोविडची तयारी तिथल्या प्रांताने मान्य केली आहे अशांच्याच. ती यादी कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आहे, तिच्या विद्यापीठाचं नाव त्यात आहे का ते तिने स्वतः बघावं. उतरल्यावर १४ दिवस विलगीकरण सक्तीचं. राहायची जागा, जेवण कोण पोचवणार, हे आधी ठरवून सांगावं लागतं आणि २१ नोव्हेंबरपासून विमानाने जाणाऱ्यांना ही माहिती त्यांच्या अ‍ॅपवर आधीच भरणं बंधनकारक होतंय. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं अजून बंद आहेत, एअर बबलखालची, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवलेली, थोडी आहेत, ती दिल्लीहून मिळतील. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू व्हायचे असतील तर डिसेंबरच्या मध्यावर निघायला हवं. त्या पंधरा दिवसांचं भाडं आणि खाणं हिशेबात धरलंय का?

दुसरी बाजूही सांगते. जानेवारीतही वर्ग ऑनलाइनच असतील तर ती तिथे एका तळघरातल्या भाड्याच्या खोलीत बसून हाच लॅपटॉप उघडेल. बाहेर पाऊस, चारला अंधार, ओळखीचं माणूस नाही. फरक एवढाच की तिथे दिवस असेल. हा फरक लहान नाही, दोन महिने रात्री जागलेल्या माणसाला तर नाहीच. पण त्यासाठी कर्जाचे किती पैसे मोजायचे हे बसून ठरवावं लागेल.

आणि नाही गेली, तरी आभाळ कोसळत नाही. शिक्षणानंतर तिकडे काम करण्याचा जो परवाना मिळतो, ज्याच्या भरवशावर आपल्याकडची बहुतेक मुलं कर्ज काढतात, त्यासाठी ३० एप्रिल २०२१ पर्यंत भारतात बसून केलेला अभ्यास धरला जाणार आहे. अट अशी की निम्मा अभ्यासक्रम पुढे कॅनडात जाऊन पूर्ण करायचा. तिचा दोन वर्षांचा असेल तर एप्रिलपर्यंत घरून करूनही ती या अटीत बसते. तेव्हा जानेवारी हुकला म्हणजे पोरीचं वर्ष गेलं, असं कोणी चाळीत म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

एक मात्र पाळा. नियमांच्या बातम्यांवर घरात भांडणं करू नका, आणि एजंटाच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपावर तिकीट काढू नका. जुलैत अमेरिकेने काय केलं आठवतं ना? सगळे वर्ग ऑनलाइन असलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा, असा फतवा ६ जुलैला काढला आणि १४ जुलैला मागे घेतला. त्या आठ दिवसांत किती घरांत अन्न गोड लागलं नसेल. ऑस्ट्रेलियाचं तर दारच २० मार्च २०२०पासून बंद आहे, तिथल्या वर्गात शिकणारी आपली मुलं पहाटे साडेतीनला उठतात. त्या मानाने कॅनडाचे नियम यंदा विद्यार्थ्यांच्या बाजूने सरकले आहेत. पुढेही बदलतील. इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ आणि विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय, या दोनच जागी बघायचं.

निर्णय तिने घ्यायचा, तुम्ही नाही. आणि पहाटे साडेपाचला नाही. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, यांना सोबत घेऊन, कागदावर आकडे मांडून. सोडायचं की नाही हा विषय त्या कागदावर घेऊच नका. ती स्वतः काढेल तर ऐका, तुम्ही काढलात तर तिला वाटेल की घराने हात टेकले.

ती म्हणाली, "मी ना इथे आहे ना तिथे." मला वाटतं ती दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडचं सगळं करतेय. तिथला दिवस करते, इथलाही दिवस करते. तिच्याबरोबर तिच्या वर्गात अडकलेली अजून मुलं असतील, पुण्यात, लुधियान्यात, कुठे कुठे. त्यातल्या एखादीशी तास संपल्यावर दहा मिनिटं फोनवर बोलणं झालं तर त्याचा उपयोग तुमच्या-माझ्या समजावण्यापेक्षा जास्त होईल. त्या वेळी "एवढ्या पहाटे कोणाशी बोलतेयस?" असं विचारू नका. दुपारचे चार वाजलेत तिचे.

धड बोलत नाही असं लिहिलंय, त्याकडे मात्र नीट लक्ष ठेवा. नुसती थकली असेल तर चार दिवस झोप मिळाल्यावर फरक दिसेल. वेळ असूनही झोप येत नाही, ताट तसंच परत येतं, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, असं दोन आठवडे चाललं तर वाट बघू नका. विद्यापीठाची समुपदेशनाची सोय भारतातून वापरता येते का हे तिने विचारावं. इथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची सेवा आहे. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने 'किरण' ही सेवा सुरू केली होती, आता त्या जागी 'टेली-मानस' आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. रात्री तीनला कोणाशी बोलावंसं वाटलं तर हा नंबर तिच्या फोनमध्ये असू द्या. जगण्यातच अर्थ नाही असं काही तोंडून आलं तर मात्र फोनवर थांबायचं नाही, केईएम रुग्णालय तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याच दिवशी घेऊन जा. तसं काही होईल असं मला पत्रावरून वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"गेली नाही का अजून?" याचं उत्तर: "कॉलेज सुरू झालंय, रात्रीचं असतं." बस. त्यापुढे कोणी विचारलं तर दुपारी आवाज कमी ठेवा म्हणून सांगा, विचारणाऱ्याला काहीतरी करायला मिळेल.

येत्या शनिवारी, १४ तारखेला, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलंय. तिकडच्या शुक्रवारचे वर्ग असतील तर ते आपल्या शनिवारी पहाटे साडेपाचला संपतील. इतकी वर्षं पहिल्या आंघोळीला तिला हाका मारमारून उठवलं असेल, यंदा घरात सगळ्यात आधी जागी तीच असेल. पाणी तुमच्या यजमानांना भरू दे. उटणं लावा, कारीट फोडू दे, चकली-चिवडा काय केलं असेल ते ताटात वाढा, आणि सहा-साडेसहाला तिला झोपायला पाठवा. अकराला पाहुणे आले तर सासूबाई दारातच बोटाने गप्प करतील. त्यांना सवय आहे.